वाचकांचे प्रश्न : लहान मुले, रान आणि बालवाडी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वर्षातून एकदा सहलीसाठी नव्हे, तर नियमितपणे रानात किंवा टेकडीवर नेऊन शिकवावे का, या विषयावर या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची असून मोठ्या शिशूत आहे. यंदापासून तिची शाळा आठवड्यातून दोन सकाळी मुलांना जवळच्या टेकडीवर नेते. मुले तेथे हिंडतात, माती उकरतात आणि खिसे भरून दगड घेऊन येतात. शेजारच्या शाळेतील तिच्याच वयाची मुले बाराखडी गिरवू लागली आहेत. पहिलीत गेल्यावर ती मागे तर पडणार नाही ना? – एक आई, पुणे

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे, पण आपली मुलगी मागे पडण्याचे कारण मला दिसत नाही. अक्षर लिहिण्यासाठी लागणारी बोटांची पकड, मनगटाचे वळण आणि खांद्याची ताकद गिरवण्याच्या वहीत तयार होत नाही. ती काठीने माती उकरताना, दगड उचलताना आणि चढणीवर हाताने आधार घेताना तयार होते. वही ही त्यानंतरची पायरी आहे, आणि पाया भरण्यापूर्वीच ती हाती दिली की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते व पाच मिनिटांत कंटाळते.

टेकडीवर नेमके काय घडते, हे एका उदाहरणाने सांगते. माघ-फाल्गुनात काटेसावर फुलते तेव्हा झाडावर पान नसते, आणि मांसल, जड, लाल फुले जमिनीवर टप्पकन पडतात. चार वर्षांचे मूल असे फूल दोन्ही हातांनी उचलते. पाकळ्या मोजते, त्या पाच भरतात. दुसरे फूल उचलते, तेथेही पाचच. मग ते मधले पुंकेसर मोजायला घेते, आणि ते काही केल्या मोजून संपत नाहीत. "पुष्कळ" आणि "पाच" यांतला फरक त्या मुलाला कोणी फळ्यावर समजावून सांगितलेला नसतो. तेवढ्यात फुलात शिरलेली मुंगी त्याच्या मनगटावर चढते, वर साळुंक्या भांडत असतात, आणि ते मूल बाईंना हाक मारून जे सांगू लागते त्यात जड, ओले, बुळबुळीत, आत, वर, अजून एक असे कितीतरी शब्द आपसूक येतात. भाषा आणि गणित या वयात असेच उगवते.

शाळा धोरणाच्या विरोधात काही करते आहे, असेही समजू नये. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळातून व प्रत्यक्ष अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. जर्मनीत पेटर हेफ्नर या संशोधकाने 2002 साली हायडेलबर्ग विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात जंगलातील बालवाडीतून आलेली मुले आणि नेहमीच्या बालवाडीतून आलेली मुले यांची पहिलीतील शिक्षकांच्या नोंदींवरून तुलना केली होती. वर्गात भाग घेणे, लक्ष देणे आणि इतरांशी जुळवून घेणे यांत जंगलातील मुले सरस आढळली. अशा बालवाड्या निवडणारे पालक मुळातच मुलांकडे अधिक लक्ष देणारे असू शकतात, तेव्हा सगळे श्रेय झाडांना देता येणार नाही, पण मुले मागे पडतात या भीतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे निश्चित.

डोळ्यांचा मुद्दा मात्र पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावा, कारण त्याचा पुरावा अधिक भक्कम आहे. चीनमधील ग्वांगजौ शहरात पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे अधिक वेळ वर्गाबाहेर ठेवण्याचा प्रयोग तीन वर्षे झाला आणि त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, तर बाहेर अधिक वेळ काढणाऱ्यांत हे प्रमाण 30.4 टक्के होते. लहान वयात चष्मा लागण्याचे प्रमाण वाढत असताना ही तफावत किरकोळ म्हणता येणार नाही.

शाळेला विचारायचेच असेल तर दोन गोष्टी विचाराव्यात. मुलांना दर वेळी त्याच जागी नेतात की जागा बदलतात? आणि तेथे मोठी माणसे बोलत राहतात की थांबून पाहतात? तीच जागा, तीच झाडे, तीच वाट पुन्हा पुन्हा भेटली तरच मुलाला बदल दिसतो. गेल्या आठवड्यात येथे कळी होती, आज फूल आहे, हे नव्या जागी कळणार कसे? घरी आल्यावर "आज काय शिकलीस?" असे विचारू नये, त्याला मुले "काही नाही" एवढेच उत्तर देतात. "सावरीखाली आज काय पडलं होतं?" असे विचारून पाहावे.

प्रश्न : सावंतवाडी तालुक्यात आम्ही दोघी मैत्रिणी खेळगट चालवतो. गावाच्या कडेला देवराई आहे. मुलांना तेथे नेण्याची फार इच्छा आहे, परंतु साप, गोचीड आणि पालकांचा विरोध यांमुळे धीर होत नाही. काय काळजी घ्यावी? – एक शिक्षिका

उत्तर : आपण आधी भीती बोलून दाखवलीत हे चांगले झाले, कारण रानाला गृहीत धरणाऱ्या माणसाने लहान मुलांना तेथे नेऊ नये.

प्रथम जागेविषयी. देवराई ही गावाची आहे आणि तिचे नेम आहेत. कित्येक देवरायांतून वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नसते, आणि काही ठिकाणी आत पायताण चालत नाही. आपल्याला मुलांच्या पायांत बंद बूट हवेत, तेव्हा येथे पेच येतो. गावकरी आणि मानकरी यांच्याशी आधी बोलावे, आत न शिरता देवराईच्या कडेची, गुरांनी मळलेली मोकळी जागा मागून घ्यावी आणि तेवढ्यातच रमावे. लहान मुलांना खोल रान लागतही नाही. जागा राखीव वनात असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि अभयारण्यातून पान-पीसही उचलू नये.

सापांविषयी. कोकणात फुरसे सर्वांत अधिक सांभाळायचे, कारण ते लहान असते, मातीच्या रंगाचे असते आणि दगडांखाली व पाचोळ्यात बसते. नाग, मण्यार आणि घोणस हे बाकीचे तीन प्रमुख विषारी साप. मुले येण्यापूर्वी आपणांपैकी एकीने काठीने पाचोळा हलवत जागेवरून फिरून यावे. दगड उलटायचा तो मोठ्या माणसाने, आणि त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे खाली काही असेल तर त्याला पलीकडे जाता येते. बिळात, ढोलीत, लाकडांच्या राशीत हात घालायचा नाही, आणि आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून उडी मारण्याआधी पलीकडे पाहायचे, हे दोन नियम मुलांना खेळ म्हणून रोज म्हणायला लावावेत. तरीही दंश झालाच तर मुलाला चालू देऊ नये, अवयव हलू न देता उचलून न्यावे. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, मांत्रिकाकडे क्षणही घालवू नये. प्रतिविष जवळ कोठे मिळते याची चौकशी पहिल्या दिवसाआधीच करून ठेवावी, आणि 108 ला फोन करून रुग्णवाहिकेला जागा नेमकी कशी सांगायची हेही ठरवून ठेवावे.

गोचिडांचा प्रश्न आपल्या भागात विशेष गंभीर आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. हिवाळ्याच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारल्याशिवाय या महिन्यांत मुलांना झाडीत नेऊ नये, आणि परिसरात माकड मेलेले आढळले तर जाणे तत्काळ बंद करून आरोग्य खात्याला कळवावे. आपल्या गावात लागण नाही असे त्यांनी सांगितले, तरी पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेल्या विजारी आणि परतल्यावर मानेमागे, कानांमागे, काखेत पाहणे हा शिरस्ता ठेवावाच.

बाकीच्या धोक्यांबद्दल थोडक्यात. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात आणि त्या खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात, म्हणून कुंपणाकडेची ती झुडपे, तसेच गुंज, धोतरा आणि कण्हेर मुलांना ओळखायला शिकवावे, आणि बाईंना दाखवल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही हा नियम मोडू देऊ नये. करवंदांनाही तोच नियम. खाजकुइलीच्या शेंगा वाळल्या की त्या वाटेने जाऊ नये. आग्या मोहळ दिसले तर जागा बदलावी. ढग गडगडू लागले किंवा वारा सुटला की झाडाखाली थांबायचे नाही, निघायचे. परदेशांतील काही वनशाळांत शेकोटी हा दिनक्रमाचा भाग असतो. आपल्याकडे राखीव वनात आग पेटवणे हा गुन्हा आहे, आणि शिमग्याच्या सुमारास वाळलेल्या गवतात ते कोणीही करू नये.

इतके सांगितल्यावर उलट बाजूही सांगितली पाहिजे. धोका वेगळा आणि धडपड वेगळी. मुलाला घसरू द्यावे, खरचटू द्यावे, चिखलात बसू द्यावे. झाडावर चढायचे असेल तर जेथवर ते स्वतःच्या बळावर पोहोचते तेथवर चढू द्यावे, आणि जी फांदी त्याला गाठता येत नाही तिच्यावर उचलून बसवू नये. स्वतः चढलेल्या मुलाला सहसा स्वतः उतरताही येते. पाच मुलांमागे एक मोठे माणूस हे प्रमाण मला योग्य वाटते, आणि चार झाडांना रंगीत चिंध्या बांधून हद्द आखून दिली की मुले ती आश्चर्यकारक निष्ठेने पाळतात. पालकांपैकी दोघा-तिघांना आळीपाळीने मदतीला बोलवावे. विरोध करणाऱ्यांनाच आधी बोलवावे.

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. प्रशिक्षणात मुलांना परिसरात नेऊन शिकवा असे सांगतात. पण आमच्या पाड्यातले आईबाप म्हणतात, "रान आमच्या पोरांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना रानातून बाहेर काढायला आम्ही अंगणवाडीत पाठवतो." त्यांना काय सांगू? – एक सेविका

उत्तर : सेविकाताई, त्यांना प्रथम सांगा की त्यांचे म्हणणे खरे आहे. शहरातील मुलाला रान दाखवणे आणि रानातल्या मुलाला रान दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा वाहिला त्यांना शाळेत पुन्हा रानच दिसले तर राग येणारच. अक्षर हा त्यांच्या मुलांचा हक्क आहे, आणि तो कोणत्याही नव्या विचाराच्या नावाखाली मागे सारता कामा नये.

आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला आल्या आणि पुढे 1957 मध्ये त्यांचे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर ज्या नावाने अंगणवाड्या चालतात त्याचा उगम तेथे आहे, सरकारी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला त्यानंतर आली. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. खडे, शिंपले, बिया आणि पाने हेच शिकवण्याचे साहित्य होते. लक्षात घ्या, ताराबाई आणि अनुताई मुलांना रान शिकवायला कुरणात गेल्या नाहीत. मुलांना जे ठाऊक होते, त्याच्या आधाराने त्यांना जे ठाऊक नव्हते ते शिकवायला गेल्या.

आपणही तसेच करावे. मुलाला विचारा, हे झाड कोणते. ते वारलीत नाव सांगेल. तेच नाव मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून दाखवा आणि शेजारी प्रमाण मराठीतले नाव लिहा. आपल्या घरातला शब्द पाटीवर उमटलेला पाहणे ही त्या मुलासाठी मोठी गोष्ट असते, कारण तोवर पाटीवर फक्त दुसऱ्यांचे शब्द आलेले असतात. मोहाची फुले दहा-दहाच्या ढिगांत मांडा. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी साल आणि सागाचे खरखरीत पान कागदाखाली ठेवून वर खडूने घासा, म्हणजे ठसा उमटतो, आणि तो कागद त्या दिवशी घरी पाठवा. कागदावर अक्षर, अंक आणि मुलाचे नाव असले की आईबापांना दिसते की येथे शिक्षण चालू आहे. महिन्यातून एकदा पाड्यातल्या एखाद्या आजीला किंवा आजोबाला मुलांसमोर बसवून रानभाज्या ओळखायला लावा. त्या दिवशी त्यांना "गुरुजी" म्हणा, आणि मनापासून म्हणा. आठवड्यातील एखादी सकाळ बाहेर आणि बाकीचे दिवस अंगणवाडीत, एवढे प्रमाण आपल्याकडे पुरेसे आहे.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून दक्षिण जर्मनीत राहतो. मुलाला तीन वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्याला जंगलातील बालवाडीत जागा मिळाली आहे. इमारत नाही, दिवसभर बाहेर. सासूबाई फोनवर रोज म्हणतात, "बर्फात पोराला उघड्यावर ठेवणार का?" मलाही धाकधूक आहे. – एक आई

उत्तर : जागा सोडू नये असे मी म्हणेन. ही पद्धत तेथे नवी नाही. डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस एला फ्लाटाऊ या बाईंनी आपली आणि शेजारची मुले रोज जंगलात न्यायला सुरुवात केली. जर्मनीत 1968 साली उर्सुला झुबे यांनी वीसबाडेन येथे अशी पहिली बालवाडी काढली, आणि 1993 मध्ये फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला सरकारी मान्यता मिळाल्यावर देशभर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. पूर्णपणे उघड्यावर असे सहसा नसते. चाकांवरची लाकडी खोली असते, तिच्यात शेगडी असते आणि ओले कपडे वाळवण्याची सोय असते. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी मुलांना झाडीत नेत नाहीत, त्यासाठी दुसरी जागा ठरलेली असते.

थंडीचे उत्तर कपड्यांत आहे. एकच जाड कोट घालू नये, आत लोकरीचा अंगालगतचा कपडा, त्यावर दुसरा आणि वर वारा-पाणी अडवणारा, असे थर घालावेत. सुती बनियन घामाने भिजून गारठते, ते टाळावे. हातमोज्यांचे दोन जोड दप्तरात ठेवावेत, कारण पहिला जोड तासाभरात भिजतो. मूल हलत-खेळत असते तेव्हा त्याला आपल्याइतकी थंडी वाजत नाही, हे सासूबाईंना सांगावे, आणि गालांवर लाली आलेला, चिखलाने माखलेला त्याचा फोटो पाठवावा.

काळजी घ्यायची ती थंडीपेक्षा गोचिडीची. दक्षिण जर्मनीच्या मोठ्या भागात गोचिडीमुळे मेंदूज्वराचा एक प्रकार पसरतो आणि त्यावर लस आहे. बालरोगतज्ज्ञांशी बोलून ती वेळेवर घ्यावी. रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी अंग तपासावे. जमिनीलगतची फळे न धुता खायची नाहीत, हा नियम तेथील शिक्षिका सांगतीलच. कोल्ह्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या फीतकृमीमुळे तो केलेला असतो.

एक सूचना मराठीविषयी. मुलगा दिवसभर जर्मनमध्ये बोलेल, आणि जे जंगलात पाहिले त्याचे शब्द त्याला आधी जर्मनमध्ये मिळतील. घरी आल्यावर त्याच्या खिशातून निघालेली प्रत्येक वस्तू टेबलावर मांडून तिच्याविषयी मराठीत गप्पा मारा. मऊ शेवाळ, खवल्याखवल्यांचे सुचीपर्णी फळ, टोपीवाले ओकचे बी. ज्या झाडाला मराठी नाव नाही त्याला त्याने नाव ठेवावे. आजींना व्हिडिओवर तीच वस्तू दाखवू द्या, म्हणजे फोनवरची रोजची विचारपूसही बदलेल.

प्रश्न : डोंबिवलीत राहतो. नातू चार वर्षांचा. आसपास रान नाही, सून-मुलगा नोकरी करतात. मला गुडघेदुखीमुळे लांब जाता येत नाही. काय करावे? – एक आजोबा

उत्तर : आपल्याला एक झाड पुरेल. जवळपास उंबर असेल तर त्याचीच निवड करावी, कारण त्याला वर्षातून अनेकदा फळे येतात आणि फळे आली की पाहुण्यांची रीघ लागते. कोकीळ, बुलबुल, तांबट, खारी, आणि दिवेलागणीला वटवाघळे. खाली पडलेले पिकले फळ नातवासमोर दोन भागांत उघडावे. आत बारीक फुलांची दाटी असते आणि बहुधा चिलटाएवढ्या माश्याही फिरत असतात. त्यातल्याच काही परागीभवन करतात, त्यांच्याशिवाय उंबराला बी धरत नाही. हे सगळे पहिल्याच दिवशी सांगून टाकू नये. त्याने विचारले की तेवढेच सांगावे.

बसायला घडीची खुर्ची न्यावी, रोज एकाच वेळी जावे, आणि अर्धा तास झाला की उठावे. पावसाळ्यातही खंड पाडू नये, नातवाला रेनकोट आणि आपल्याला छत्री असली की झाले, मात्र विजा चमकत असतील आणि वारा सुटला असेल त्या दिवशी घरीच थांबावे. रविवारी मुलगा किंवा सून मोकळी असेल तर त्यांनी त्याला बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्यावे. माहीमची जागा पूर्वी कचऱ्याचे आगर होती, हे नातवाला तेथेच झाडाखाली उभे करून सांगावे. पण आठवड्याचे सहा दिवस उंबर सोडू नये.